येणे थांबवलेल्या रुग्णांची नोंद वगळावी का?

प्रश्न : मी नागपूरला वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या ६४ रुग्णांवरील दोन उपचारपद्धतींची तुलना हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. त्यांपैकी २३ जणांनी तपासणीला येणे मध्येच थांबवले. त्यांना वगळून उरलेल्यांच्या जगण्याच्या कालावधीची सरासरी काढावी आणि टी-टेस्ट (दोन सरासरींमधील फरक तपासणारी चाचणी) लावावी, असे मला सुचवण्यात आले आहे. हे योग्य आहे का? महागडे सॉफ्टवेअर घेणे शक्य नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपया त्यांना वगळू नका. जो रुग्ण चौदा महिने येत राहिला आणि मग आला नाही, तो निदान चौदा महिने जिवंत होता एवढे तुम्हाला नक्की ठाऊक आहे, आणि ही माहिती फेकून देण्याजोगी नाही. अशा अपुऱ्या नोंदीला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात.

वगळल्याने काय होते, ते १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) एका अभ्यासात स्पष्ट दिसते. त्यात ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध घेणारे २१ आणि प्लासिबो (औषध नसलेली नुसती गोळी) घेणारे २१ रुग्ण होते, आणि आजार किती आठवड्यांनी उलटतो हे मोजले होते. प्लासिबो गटात सर्वांचा आजार उलटला. औषधाच्या गटात फक्त नऊ जणांचा, बाकी बारा नोंदी सेन्सॉर्ड. या बारांना वगळले, तर औषधाच्या गटाची सरासरी १२.१ आठवडे येते आणि प्लासिबोची ८.७, म्हणजे ज्यांना औषधाचा सर्वाधिक लाभ झाला तेच हिशेबातून बाहेर पडतात. सर्वांना धरून काढलेला मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्णांचा आजार उलटेपर्यंतचा काळ, मात्र २३ विरुद्ध ८ आठवडे आहे.

हा मध्यक कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ साली मांडलेल्या रीतीने काढतात. औषधाच्या गटात सहाव्या आठवड्यात २१ पैकी तिघांचा आजार उलटला, म्हणून आजार न उलटलेल्यांचे प्रमाण १८/२१, म्हणजे ०.८५७. आणखी एकाची नोंद त्याच आठवड्यात संपली. तो तिथवर मोजला गेला आणि पुढच्या छेदातून उतरला. सातव्या आठवड्यात उरलेल्या १७ पैकी एकाचा आजार उलटला, म्हणून ०.८५७ ला १६/१७ ने गुणायचे आणि ०.८०७ मिळवायचे. या प्रमाणाच्या आलेखाची प्रत्येक पायरी अशीच उतरते.

सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली विनामूल्य आहे आणि त्यातील ‘सर्व्हायव्हल’ हे पॅकेज या कामासाठी भक्कम आहे. त्यातील ‘सर्व्हफिट’ आलेख देते, तर ‘सर्व्हडिफ’ लॉग-रँक चाचणी, म्हणजे दोन गटांच्या आलेखांची तुलना, करते. एक धोका मात्र जरूर लक्षात ठेवा. स्थितीच्या रकान्यात १ आणि २ हे आकडे असतील, तर ‘आर’ २ म्हणजे मृत्यू असे धरते. तुमच्या तक्त्यात १ म्हणजे मृत्यू आणि २ म्हणजे जिवंत असेल, तर सगळे उलटे होईल आणि कोणतीही सूचना मिळणार नाही. म्हणून सरळ ० आणि १ वापरा, १ म्हणजे मृत्यू, आणि चार-पाच रुग्णांच्या नोंदी मूळ केसपेपरशी स्वतः ताडून पाहा.

दोन्ही आलेख एकमेकांना छेदत असतील, तर लॉग-रँक चाचणीत सुरुवातीचा आणि नंतरचा फरक एकमेकांना खोडून काढतो. सुरुवातीच्या फरकाला अधिक वजन देणारी पर्यायी चाचणी ‘सर्व्हडिफ’मध्येच आहे, पण कोणती वापरायची ते निकाल पाहण्याआधी ठरवावे. दोन्ही करून सोयीचे पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) उचलणे मला अजिबात मान्य नाही.

मला खरी काळजी तुमच्या त्या २३ जणांची वाटते. या सर्व पद्धती असे गृहीत धरतात की येणे थांबवण्याचा आणि प्रकृतीचा संबंध नाही. गडचिरोली किंवा गोंदियाहून येणारा रुग्ण बरे वाटू लागले म्हणून थांबला असेल, किंवा बसमध्ये बसण्याचेही त्राण उरले नाही म्हणून घरी राहिला असेल. केसपेपरवर दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. एका उपचाराचे रुग्ण खालावल्यामुळे अधिक गळत असतील, तर तो उपचार आहे त्यापेक्षा चांगला भासेल आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते ओळखू शकणार नाही. म्हणून आधी २३ जण कोणत्या गटातले आहेत ते मोजा, आणि रुग्णालयाच्या परवानगीने त्यांच्या घरी फोन करा. दहा घरांतून जरी उत्तर मिळाले, तरी त्या दहा नोंदी पूर्ण होतील किंवा निदान पुढच्या तारखेपर्यंत सरकतील. ज्यांचा पत्ता लागणार नाही, ते सर्व मृत झाले असे धरून एकदा आणि शेवटपर्यंत जिवंत राहिले असे धरून एकदा तुलना करा, आणि दोन्ही निकाल प्रबंधात छापा.