आधी वजन लिही

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मांजराच्या तोंडातून सोडवलेला होला रात्रभर ओंजळीत धरून बसलीस, ड्रॉपरने पाणी पाजलंस, आणि पहाटे तो गेला. "माझं काय चुकलं?" असं शेवटी विचारलं आहेस. समजूत घालायला तुझ्याभोवती माणसं आहेत. तरी मला लिहिलंस, म्हणजे तुला उत्तर हवंय. तर जवळजवळ सगळंच चुकलं. आणि यातली एकही चूक अशी नाही, जी मी स्वतः केलेली नाही.

पाण्यापासून सुरुवात करते. पक्ष्याची चोच उघडून बघ कधीतरी. जिभेच्या बुडाशी एक चीर दिसते, श्वासाबरोबर उघडझाप करणारी. ते श्वासनलिकेचं तोंड. आपल्याला तिथे झाकण असतं, पक्ष्याला नसतं. धडधाकट पक्षी ती चीर वेळेवर मिटून घेतो, अर्धमेल्याला ते जमेलच असं नाही. चोचीत सोडलेला थेंब मग सरळ फुप्फुसांच्या वाटेला लागतो. पाणी पाजल्याचं समाधान आपल्याला मिळतं आणि बुडतो तो.

आता ओंजळ. आपल्या छातीखाली श्वासपटल असतं, म्हणून कुणी मिठी मारली तरी आपण श्वास घेऊ शकतो. पक्ष्याला ते नसतं. त्याचं छातीचं हाड खाली-वर हलेल तेव्हाच हवा आत-बाहेर होते. ते हाड मुठीत दाबलं गेलं की संपलं. पक्षी धरायचाच असेल तर हलक्या फडक्यात, पंख अंगाशी मिटून, छाती मोकळी ठेवून. आणि तोही कामापुरता.

मांजराचं तुला कुणी सांगितलं नसेल. त्याचे दात सुईसारखे असतात. भोक इतकं बारीक पडतं की पिसांखाली दिसतच नाही, तूही लिहिलं आहेस की "जखम नव्हती". पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि ते लहान पक्ष्याला एक-दोन दिवसांत संपवतात. म्हणून मांजराने धरलेला पक्षी जखम दिसो न दिसो, काही तासांत पशुवैद्याकडे जायला हवा, आणि तिथे पहिलं वाक्य "मांजराने धरला होता" हेच हवं. हे सगळं नीट करूनही तुझा होला कदाचित गेलाच असता. तेवढं ओझं उतरवून ठेव.

पत्रातल्या एका ओळीशी मात्र मी थबकले. "माझ्या हातात तो किती शांत बसला होता," असं तू लिहिलं आहेस.

ही शांतता मी ओळखते. उमेदवारीच्या दिवसांत आमच्याकडे एक पाडस आलं होतं, कुंपणाच्या तारेत अडकलेलं. मागच्या पायावर बोटभर लांबीची जखम, बाकी अंग स्वच्छ. डॉक्टरांनी टाके घातले आणि त्याला अंधारात एकटं ठेवा म्हणून बजावलं. मी मान डोलावली. मग संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बघायला माणसं आली, मुलांनी पाठीवरून हात फिरवले. पाडस हूं की चूं करेना. कान मागे पडलेले, नाकपुड्या फाकलेल्या, डोळे मोठे आणि न मिटणारे. सगळे म्हणाले, बघा कसा विश्वास बसलाय. तिसऱ्या दिवशी मागचे पाय उचलेनासे झाले. लघवी काळपट तपकिरी झाली. पाचव्या दिवशी गेलं. टाके तोवर छान कोरडे पडत आले होते.

या मरणाला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. धरपकडीची झटापट आणि भीती यांनी स्नायू आतल्या आत तुटायला लागतात, त्यांतला गाळ रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन बसतो, कधी हृदयाचा स्नायूही सापडतो. हरणांत हे फार. पकडल्यावर काही तासांत होतं तसं काही दिवसांनीही होतं, म्हणून माणसं दोष जखमेला देतात. तुझ्या-माझ्याकडे रानातला प्राणी बघतो तेव्हा त्याला समोर दिसते शिकार करणारी, पुढे रोखलेल्या डोळ्यांची जात. ती अंगावर हात फिरवते, म्हणजे त्याच्या हिशेबी आता खाणार. निपचित पडणं हा त्याचा शेवटचा डाव असतो. आपण त्याला लळा समजतो.

म्हणून या कामात आपली माया हाताबाहेर ठेवावी लागते, अक्षरशः. जखमी प्राणी दिसला की झाकणाचं, हवेला भोकं असलेलं खोकं घे. तळाला कापड, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. झाकण लाव, आवाज बंद कर आणि फोन कर: पशुवैद्य, वनखातं, जवळचं उपचार केंद्र, जे असेल ते. अनेक देशांत परवान्याशिवाय रानटी प्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि मला तो कायदा योग्य वाटतो. झाकण उघडून "जिवंत आहे ना" म्हणून दर दहा मिनिटांनी डोकावू नकोस. ही खोड मोडायला मला वर्षं लागली.

हे मात्र डोक्यात पक्कं बसव: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. पक्ष्याचं अंग निरोगी असताना चाळीस अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा बरंच गरम. ते थंड पडलं की आतडी काम थांबवतात, पोटात घातलेलं तिथेच सडतं. पाणी कमी झालेल्या शरीराला अन्न पचवायचं म्हणजे असलेलं पाणीही खर्ची घालायचं. आणि आठवड्याच्या उपाशी प्राण्यापुढे भरलेलं ताट ठेवलं तर रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली उपाशी माणसं पोटभर जेवून अशीच दगावली होती. भूक दिसली की वाढायचं हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की तिथे हात आवरणं सगळ्यांत अवघड जातं. दुधाचंही तसंच. सील माशासारखी पोहते पण पिल्लाला दूध पाजते, आणि काही जातींत त्या दुधात निम्म्याच्या आसपास चरबी असते. गायीच्या दुधात चार टक्के. प्रत्येक जातीचं दूध त्या जातीपुरतं असतं. आणि पक्ष्याला तर दूध कधीच नाही!

पिल्लांबद्दल थोडक्यात. जमिनीवर उड्या मारणारं, पिसं फुटलेलं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं आणि आई आसपासच असते. गवतात एकटं पडून राहिलेलं पाडस आईनेच लपवलेलं असतं. माणसाचा वास लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. लांबून दोन-तीन तास बघ. तू न उचललेलं पिल्लू हाही तू वाचवलेलाच जीव.

उचललंच, तर पुढचा धोका लळ्याचा. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे कोनराड लोरेन्झ यांनाच आई मानून हंसांची पिल्लं त्यांच्या मागे रांगेत चालायची, ते छायाचित्र तू पाहिलं असशील. त्या अभ्यासाचा १९७३च्या नोबेलमध्ये वाटा होता. ते बघून सगळे हसतात. मला हसू येत नाही, कारण मी एक घुबड तसं वाढवलं आहे. मऊ पिसांचा गोळा होता तेव्हापासून हाताने भरवलं. मोठं झालं, उत्तम उडायचं, उंदीर मारायचं. सोडलं तर दुसऱ्या रात्री अनोळखी माणसाच्या खांद्यावर येऊन बसलं, पुन्हा सोडलं तरी तेच. स्वतःच्या जातीला ते परकं मानायचं आणि विणीच्या दिवसांत माझ्यासमोर माना वेळावायचं. उरलेलं सगळं आयुष्य पिंजऱ्यात काढलं त्याने. कॅलिफोर्नियात १९८७ साली शेवटचं मोकळं काँडर गिधाड पकडलं तेव्हा जगात ती जात सत्तावीस पक्ष्यांवर आली होती. त्यांची पिल्लं वाढवणाऱ्यांनी हातात गिधाडाच्या डोक्याची बाहुली घालून भरवलं, स्वतःचा चेहरा दिसू दिला नाही. तरीही १९९२पासून सोडलेल्या सुरुवातीच्या तरुण पक्ष्यांतले काही माणसांच्या वस्तीजवळ घुटमळत, विजेच्या खांबांवर बसून मरत. मग पिंजऱ्यात खोटे खांब उभारले, बसलं की हलका झटका देणारे. नुसती बाहुली पुरत नाही, मोठ्या गिधाडांची संगत लागते, हे त्यांना त्यातून उमगलं.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते. काही प्राण्यांना मरू द्यावं लागेल, नव्हे, डॉक्टरांच्या हातून सुखाने मारावं लागेल. पंखाचं हाड सांध्यालगत मोडलं की सांधा आखडतो. चुकून जुळलेल्या पंखाने होला कदाचित निभावून नेईल, पण वेगावर पोट असलेला ससाणा उपाशी मरेल. "जगेल का?" या प्रश्नाच्या पुढे "रानात परत जाऊन जगेल का?" असा प्रश्न आहे. पहिल्या दिवशी, वेदना असताना तो विचारला तर दया. तीन महिने पिंजऱ्यात ठेवून मग विचारला तर ती आपल्या मनाची सोय. मी दोन्ही केलं आहे.

मोडलेल्या पंखाला पाण्याने धुऊ नकोस, हेही इथेच सांगते. बहुतेक पक्ष्यांत खांद्यालगतचं हाड पोकळ असतं आणि आतून हवेच्या पिशवीला जोडलेलं. हाड उघडं पडलं असताना तिथे पाणी सोडलं तर ते श्वासाच्या वाटेवर जातं. पुन्हा तेच, पक्षी बुडतो.

स्वतःला जप. वटवाघूळ, कोल्हा, मुंगूस, कुठलाही सस्तन प्राणी उघड्या हाताने धरू नकोस. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लस आधी घेऊन ठेव. चावा बसला तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने धू आणि थेट दवाखाना गाठ. प्राण्याचं नंतर.

इतकं वाचून तुला वाटेल, मावशीने सगळी दारंच बंद केली. तसं नाही. जून २०००मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ट्रेझर नावाचं जहाज बुडालं आणि तेल पेंग्विनांच्या बेटांकडे सरकलं. माखलेले सुमारे १९,००० पेंग्विन उचलून, आधी त्यांना सावरू देऊन, मग एकेक करून धुतले. त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त पुन्हा समुद्रात गेले. पण मला जास्त आवडतो तो दुसरा भाग. आणखी सुमारे १९,५०० पक्षी अजून स्वच्छ होते. त्यांना धुवायची वेळच येऊ नये म्हणून किनाऱ्याने शेकडो किलोमीटर लांब पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडलं. पेंग्विन घरी पोहत यायला दिवस लागतात, तोवर इकडे समुद्र साफ होत होता. पीटर, पर्सी आणि पामेला या तिघांच्या पाठीवर यंत्रं लावली होती आणि त्यांचा परतीचा प्रवास लोक रोज बघत होते. हात कमीत कमी लावून केलेली इतकी मोठी सुटका मला दुसरी ठाऊक नाही.

तुला खरंच शिकायचं असेल तर आधी केंद्रात पिंजरे घासायला जा. वर्षभर. प्राण्याला हात लावायला मिळणार नाही म्हणून कुरकुरू नकोस. घासता घासता विष्ठा वाचायला शीक: रंग, पाणी, न पचलेलं काय आलं. आणि काटा हाताळायला शीक. प्राणी आला की पहिलं वजन, मग रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच वेळेला. पिसं फुगवून बसलेला पक्षी गुबगुबीत दिसतो आणि आतून वाळत असतो. डोळे फसवतात, काटा सांगतो. पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तो तुझ्याकडे कसा बघत होता ते मागाहून लिही. आधी वजन लिही. ग्रॅममध्ये.

तुझी,
मावशी