तीन मुलं, तीन वयं, एक आई

"मॅडम, पहाटे पाचला उठतो, रात्री बारापर्यंत तयारी करतो, तरी एकाचंबी धड होईना बघा."

बेळगावकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो', 'उठतो' असंच बोलतात. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून या ताई, मुलांना घरी कसं शिकवायचं याचा सल्ला घ्यायला, माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या परवानगीनं हे लिहीत आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. मुलगी दहाची, मुलगा आठचा, धाकटा चारचा. मुलगी वाचताना अडखळायची. वर्गात तिला तासभर उभं केलं गेलं आणि त्यानंतर दप्तर पाहिलं की तिच्या पोटात कळ यायची. वर्षभर सोसून नवरा-बायकोनं ठरवलं, तिघांनाही घरीच शिकवायचं. पद्धत निवडली वाल्डोर्फची.

ही पद्धत अनेकांना श्रीमंतांचा छंद वाटते. पण १९१९ साली जर्मनीत स्टुटगार्टला रुडॉल्फ स्टायनर यांनी पहिली शाळा काढली, ती वाल्डोर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. हे सांगताना मला दर वेळी निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेल्या बायका आठवतात. या पद्धतीत सातव्या वर्षापर्यंत अक्षर-अंकांची घाई करायची नाही. मूल बघून बघून शिकतं, खेळून शिकतं. पुढे रोज सकाळी सुमारे दोन तास एकच विषय, तीन-चार आठवडे सलग. आधी गोष्ट, मग चित्र, मग लेखन. लहान वर्गांना छापील पाठ्यपुस्तक नसतं, मूल स्वतःची वही घडवतं.

ताईंनी पिशवीतून एक मोठा तक्ता काढला. तीन रंगांत तीन वेळापत्रकं. चौथीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, चार वर्षांच्या पोरालासुद्धा साडेनऊ ते दहा 'मेणाचं काम'. परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उतरवलेला, म्हणून सप्टेंबरात पानगळ आणि डिसेंबरात बर्फ.

मग त्यांनी मुलीची वही दाखवली. सुंदर होती. डोंगर, वर निळ्याचा जांभळा होत गेलेला आकाशाचा पट्टा. मी पान तिरपं धरून पाहिलं. मधला डोंगर जोर देऊन, खडू दाबून काढलेला. कडेचं आकाश मात्र हलक्या, सरावल्या हाताचं. मी विचारलं, "हे आकाश कुणी रंगवलं?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती झोपल्यावर मी पुरं करतो. फोटोतल्या वह्या कशा असतात, आणि हिची बघितली की जीव घाबरतो."

तीन वयांचं कसं जमवू, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. त्यामागची भीती बहुधा हीच असते. शाळा सोडली, आता लोकांना दाखवायला काहीतरी पुरावा हवा. जावेच्या मुलांकडे प्रगतिपुस्तक असतं. आपल्याकडे वहीच असते, मग ती देखणी हवीच. मी त्यांना एकच गोष्ट आग्रहानं सांगितली: आजपासून मुलीच्या वहीला हात लावायचा नाही. आईनं पुरं केलेलं आकाश मुलीला सकाळी दिसतंच, आणि आपलं अपुरं होतं हेही कळतं. वर्गात उभं राहून ती जे शिकली, तेच पुन्हा घरात, मायेच्या हातानं.

तक्त्याचं काम त्यानंतर सोपं झालं. कागद पालटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला वर्ष मांडायला बसलो. जून ते मार्च, सणवार, पाहुणे, आजारपणं वगळून ३२ आठवडे धरले. चार आठवड्यांचा एक विषय म्हटला तर अख्ख्या वर्षात आठच विषय बसतात. त्यातले चार तिघांचे मिळून, दोन थोरलीचे, दोन मधल्याचे. थोरलीचा नवा विषय चालू असेल तेव्हा मधल्यानं जुन्याचा सराव करायचा, आणि उलट. दोघांना एकाच महिन्यात वेगवेगळं नवं काही शिकवायचं नाही. आईच्या ताकदीत बसतं ते एवढंच. धाकट्याच्या नावावर काहीच लिहिलं नाही. तो शेंगा सोलेल, कणीक मळेल, गोष्ट ऐकेल.

विषय कुठून आणायचे? चौथीला वाल्डोर्फमध्ये परिसराचा भूगोल असतो, आणि खानापूर तालुक्याइतका भूगोल फार थोड्यांच्या अंगणात असेल. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई याच तालुक्यात जन्मते, पण गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्र गाठते. एका तालुक्यातलं पाणी, एक धार बंगालच्या उपसागराला, दुसरी अरबी समुद्राला! पावसाचे पहिले चार आठवडे यालाच दिले. थोरलीनं नकाशा काढायचा, मधल्यानं नदीची गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, धाकट्यानं अंगणातल्या पाण्याला चिखलाचे बांध घालायचे.

दिवाळीचे चार आठवडे किल्ल्याचे. येळ्ळूरचा राजहंसगड बघून यायचा आणि मग दारात मातीचा उभा करायचा. बेळगाव भागातली पोरं हे नाही तरी करतातच, फक्त यंदा तोच अभ्यास.

अपूर्णांकावर ताई अडल्या. चौथीतला तो मोठा विषय, आणि मुलीला त्याचा धाक. मी विचारलं, घरात जुनी मापं आहेत का? सासूबाईंकडे होती. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. मळणी झाल्यावर भाताच्या राशीशी बसून आजीनं मापायचं आणि नातीनं सांगायचं: चिपटं म्हणजे शेराचा पाव, पायलीचा सोळावा हिस्सा. शाळा सोडल्याबद्दल सासूबाई नाराज होत्या. त्यांना हे काम सांगायला ताई बिचकत होत्या. मी म्हटलं, विनंती करा, बाकी काही समजावू नका.

मधल्याचं वय दुसरीचं. या वयाला प्राणीकथा आणि संतांच्या गोष्टी असतात. नामदेव, एकनाथ तर हवेतच, पण इथं राहून बसवण्णा आणि अक्कमहादेवी का नकोत? वाल्डोर्फ शाळांत पहिलीपासून दुसऱ्या भाषा फक्त कानानं, गाण्यांतून येतात. शेजारच्या कन्नड अक्कांकडे दोघांनी आठवड्यातून दोनदा जायचं, गाणी शिकायची, आकडे म्हणायचे. सीमाभागात भाषेचं दुखणं जुनं आहे, मला ते ठाऊक आहे, मीही त्यातच वाढले. तरीही बाजारात, बसस्टँडवर, कचेरीत मुलांना कन्नड लागणार, आणि ती प्रेमानं आली तर बरी.

यजमानांची काळजी वेगळी होती: दहावीचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य केलं आहे. घरी शिकवण्याची वेगळी नोंद त्यात नाही, हे मी लपवत नाही. पण शाळेत न जाताही परीक्षा देता येते अशा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत, आणि १४ पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. कागदपत्रं आत्तापासून एका फायलीत ठेवा, असं सांगितलं.

एका बाबतीत मात्र मी पद्धतीच्या बाजूनं उभी राहिले नाही. वाल्डोर्फमध्ये वाचन उशिरा येतं, म्हणून ताई थांबून होत्या. दहा वर्षांची, शाळेत जाऊन आलेली मुलगी अजून जोडाक्षराला अडते, तेव्हा थांबायचं नसतं. आधी डोळे तपासायचे, कान तपासायचे, मग वाचनदोषाची चाचणी. "तिच्यात खोट आहे म्हणताय काय?" त्यांचा आवाज चढला. खोट नाही. पण कारण कळलं तर शिकवायची रीत बदलता येते, आणि हे वर्ष पुन्हा मिळणार नाही.

दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा सोबत मुलगीही होती. तपासणीत चष्मा लागला होता, वाचनाची चाचणी पुढच्या आठवड्यात होती. वही तिनंच उघडली. म्हादईचा निळा समासाबाहेर गेला होता, वर आकाश नव्हतंच, कोरा कागद. मी नदीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुठं चालली?"

"गोव्याला," ती म्हणाली, "आणि ही दुसरी आजीच्या माहेराकडं."

सासूबाईंचं माहेर सौंदत्तीकडं, मलप्रभेच्या काठावर. ते मला त्या दिवशी कळलं, आणि ताईंनाही तो नकाशा बघूनच लक्षात आलं होतं.