सिंड्रेलाची देशोदेशीची रूपं एकत्र गुंफलेलं चित्रपुस्तक सहा वर्षांच्या मुलीला द्यावं का? तिचा गोंधळ नाही का होणार?

जरूर द्या. तुम्ही लिहिलंय की मुलीला सिनेमातली सिंड्रेला तोंडपाठ आहे, आणि भीती अशी की एकाच गोष्टीत इतके देश आले तर तिला काहीच कळणार नाही. मी एका बालवाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते. माझा अनुभव उलट आहे. पुढे काय होणार हे मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष काय बदललंय याकडे लागतं. गोंधळ झालाच तर तो मोठ्यांचा होतो.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते पॉल फ्लाइशमन यांचं ‘ग्लास स्लिपर, गोल्ड सँडल’ असावं. चित्रं ज्युली पाश्किस यांची, साल 2007. मुलगी एकच, सावत्र आई एकच, पण प्रसंग पुढे सरकतो तसा देश बदलतो. चित्रांचे रंग आणि नक्षीही त्या त्या देशाच्या लोककलेप्रमाणे बदलतात, आणि देशाचं नाव चित्रातच लिहिलेलं असतं. मुलीच्या पायात काय आलं त्या प्रसंगी फ्रान्सची काचेची चप्पल, भारताचे हिऱ्यांचे पैंजण आणि इराकचे सोन्याचे सँडल एकापाठोपाठ येतात. तिथे मुलं हमखास थांबवतात आणि आपल्याला कोणतं हवं ते सांगतात. मजकूर इंग्रजी असला तरी वाक्यं छोटी आहेत, वाचता वाचता मराठीत सांगत जाता येतं.

पण एक गोष्ट आधी करा. या पुस्तकात प्रत्येक देशाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ओळी येतात. म्हणून ते उघडण्यापूर्वी निदान एक परदेशी सिंड्रेला तिला सबंध सांगा. मी नेहमी चीनच्या ये शिएनपासून सुरुवात करते.

ही गोष्ट दुआन चंगशी या तांग राजघराण्याच्या काळातल्या चिनी लेखकाने नवव्या शतकात लिहून ठेवली, म्हणजे फ्रान्समध्ये शार्ल पेरोने 1697 साली काचेची चप्पल आणि भोपळ्याची गाडी छापली त्याच्या आठशेहून अधिक वर्षं आधी. आईवडील गेलेली ये शिएन सावत्र आईच्या हुकमाने धोक्याच्या जागी लाकडं तोडते, खोल पाण्यातून पाणी भरते. एकदा तिला बोटभर लांबीचा मासा मिळतो, लाल पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा. ती त्याला भांड्यात ठेवते, स्वतःच्या घासातला घास घालते. भांडी पुरेनाशी होतात तेव्हा तळ्यात सोडते. ती काठावर आली की मासा डोकं वर काढतो, दुसऱ्या कुणाला दिसतसुद्धा नाही. मग सावत्र आई तिला नवे कपडे देऊन लांब पाणी आणायला पाठवते, तिचे जुने कपडे स्वतः घालून तळ्यावर जाते आणि फसून वर आलेल्या माशाला मारून खाते. हाडं उकिरड्यात पुरते. आकाशातून उतरलेला एक माणूस ये शिएनला सांगतो की ती हाडं जपून ठेव आणि हवं ते त्यांच्याकडे माग. जत्रेला जायचे कपडे आणि सोन्याचे जोडे त्या हाडांकडूनच मिळतात.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मदत अचानक कुठून तरी टपकत नाही, मुलीने स्वतः जीव लावून वाढवलेल्या जिवाकडून येते. ग्रिम बंधूंच्या जर्मन गोष्टीत ती आईच्या थडग्यावर एक फांदी लावते, रडून रडून तिला पाणी घालते आणि त्याच झाडावरून कपडे खाली पडतात. इटलीत बासिले या लेखकाच्या सतराव्या शतकातल्या गोष्टीत ती खजुराचं रोप खुरपून, पाणी घालून वाढवते. पेरोच्या गोष्टीतून हे नेमकं गळलं: तिथे परी येते, कांडी फिरवते, झालं. सिनेमा त्याच वाटेने गेला, म्हणून आपल्या मुलींना सिंड्रेला म्हणजे वाट बघत बसणारी मुलगी वाटते. मासा वाढवणारी मुलगी त्यांना भेटायलाच हवी. कोरियाची कोंगज्वीही सांगा. फुटका रांजण भरायला ठेवलेला असतो, बेडूक भोकावर बसतो आणि चिमण्या भाताची टरफलं सोलून देतात. बेडकापाशी मुलं खूप वेळ रमतात.

दुसरी अडचण देशांच्या नावांची. एका चित्रावर ‘भारत’ लिहिलं की मुलांना वाटतं, आपली सिंड्रेला एवढीच. कन्नडमध्ये हंची आहे, लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ती जगापुढे आणली. तिथे चेहऱ्यावर मातीचा मुखवटा चढवलेली मुलगी आहे. (तिची सुरुवात इतक्या लहान मुलीला सांगण्याजोगी नाही, थोडी मोठी होऊ द्या.) आणि आपल्या अगदी जवळची म्हणजे मेरी फ्रिअरच्या 1868 सालच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या लोककथासंग्रहातली सोदेवाबाई. डोंगरावर फुलं वेचताना तिची सोन्याची चप्पल खाली जंगलात पडते आणि त्या एका चपलेवरून राजपुत्र तिच्यापर्यंत पोहोचतो. ती गोष्ट सांगणारी आना लिबेराता डिसूझा मेरीच्या घरी आया होती. तिच्या आजोबांचं घराणं लिंगायत, गोव्याजवळ येऊन राहिलेलं आणि तिथेच ख्रिस्ती झालेलं. हे नाव मुलीला आवर्जून सांगा. गोष्ट लिहून घेणाऱ्याचं नाव पुस्तकावर येतं, सांगणारीचं फार क्वचित.

इजिप्तची सिंड्रेला म्हणून वेगळी पुस्तकं मिळतात, ती मात्र नंतरसाठी ठेवा. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने सांगितलेल्या मूळ हकिकतीत गरुड ऱ्होडोपिस नावाच्या बाईची चप्पल उचलून राजाच्या मांडीवर टाकतो आणि राजा तिला शोधून राणी करतो, एवढंच आहे. छळ आणि बाकीचं सगळं पुढच्यांनी जोडलेलं.

शेवटाचं आधी ठरवून ठेवा. ग्रिमच्या गोष्टीतल्या सावत्र बहिणी चप्पल बसावी म्हणून पायाचं बोट आणि टाच कापतात. ये शिएनची सावत्र आई आणि तिची मुलगी उडत्या दगडांनी मरतात. मी दगड तसेच ठेवते, सहा वर्षांच्या मुलांना ते फारसे टोचत नाहीत. बोटं कापणं मात्र आठ-नऊ वर्षांपर्यंत गाळते.