पब्लिश करायच्या आधी हे वाच

तुझ्या मोबाईल गेमचं बिल्ड, म्हणजे तू पाठवलेली ट्रायलची आवृत्ती, काल रात्री खेळलो, अकरा लेव्हल, आणि उत्तर आज लिहितोय कारण काल लिहिलं असतं तर रागावूनच लिहिलं असतं. विकत घेतलेलं टेम्प्लेट (तयार गेमचा साचा), रंग बदललेले, आयकॉन असा की घाईत बघणाऱ्याला तो मूळ हिट गेमच वाटावा, हे सगळं एकवेळ समजू शकतो, पण मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस ना, "कॅज्युअल लोकच खेळणार, त्यांना काय कळतंय", ते फार लागलं मला.

कळतं रे त्यांना, फक्त सांगता येत नाही. रोज तासन्तास खेळणारा माणूस टच उशिरा लागला की गेमला शिव्या घालतो, एक स्टार देतो आणि मोकळा होतो. पण दिवसभराच्या कामातून दहा मिनिटं काढून बसलेली बाई चौथ्यांदा हरली की म्हणते मला हे गेम जमतच नाहीत, आणि फोन बाजूला ठेवून देते. चूक कोडमध्ये असते आणि ती स्वतःवर घेते. तुझ्या सहाव्या लेव्हलला नेमकं हेच होतंय, ब्लॉक उचलायला दोनदा दाबावं लागतं, आणि हरल्यावर 'पुन्हा खेळा'चं बटन जिथे असतं तिथेच ॲड येऊन बसते म्हणजे बोट आपोआप ॲडवर. टेम्प्लेटमध्येच तसं असेल, पण नाव आता तुझं लागणार आहे.

मीही केलंय हे. पहिल्या नोकरीत दर आठवड्याला एक रीस्किन, म्हणजे जुनाच गेम नुसता रंगरूप बदलून, काढायचो, आणि नंतर एका मुलाखतीत विचारलं की या लेव्हलला वेळ चाळीस सेकंदच का, तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं, तो आकडा मी ठरवलाच नव्हता. ती वर्षं अजून टोचतात.

कॉपी करणंच वाईट असं म्हणत नाहीये मी. १९९३ ला डूम नावाचा शूटिंग गेम आला, मग त्याच्यासारखे इतके गेम निघाले की त्या प्रकाराला लोक 'डूम क्लोन'च म्हणायचे, आणि त्यातूनच फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या नजरेतून खेळायचा शूटिंग गेम, हा प्रकार वाढला कारण चांगल्या लोकांनी त्यात स्वतःचं काहीतरी घातलं. नियम कुणाच्या मालकीचे नसतात, पण ते पडद्यावर दिसतात कसे ते असतं. अमेरिकेत टेट्रिसवाल्यांनी एका क्लोनवर केस केली, समोरचे म्हणाले आम्ही फक्त नियम घेतले, पण तुकड्यांचे आकार आणि बोर्डाची मापंसुद्धा तीच होती, कोर्टाने २०१२ मध्ये निकाल टेट्रिसच्या बाजूने दिला. स्टोअरवालेही बघतात, जानेवारी २०२२ मध्ये वर्डल या शब्द ओळखायच्या गेमच्या नावावर आलेली नकली ॲप्स ॲपलने काढून टाकली होती.

तू थ्रीज हा आकडे जुळवायचा गेम खेळलायस का? फेब्रुवारी २०१४ ला आला, बनवायला चौदा महिने लागले होते. महिन्याभरात त्याच्या नकला आल्या, मग २०४८, एका एकोणीस वर्षांच्या मुलाने वीकेंडला बनवलेला, आणि तो फुकट असल्यामुळे जगभर पसरला. त्याने विकायला बनवला नव्हता हे खरं, पण पुढे लोक थ्रीजलाच २०४८ ची कॉपी म्हणायला लागले, विचार कर काय वाटलं असेल थ्रीज बनवणाऱ्यांना. त्यांनी मग बनवतानाचे आपले इमेल सगळ्यांसाठी टाकले, ते नक्की वाच, कितीतरी थीम करून बघितल्या, टाकून दिल्या आणि शेवटी साध्या आकड्यांवर परत आले. नक्कल करणाऱ्याला तो शेवटचा साधेपणा आयता मिळतो, पण काय काय टाकून दिलं आणि का ते मिळत नाही, म्हणून त्याच्याकडून पुढचा गेम होत नाही.

टेम्प्लेट फेकू नकोस, ते उघडून शीक, एकेक आकडा बदल आणि काय बिघडतं ते बघ. मग कधीच गेम न खेळणाऱ्या कुणालातरी दे, शेजारी बस, एक शब्द बोलू नकोस, फक्त अंगठा कुठे अडतोय ते बघ (हे फार जड जातं, मला अजून जातं). पैशाची घाई असेल तर सांग, कुणाच्या तरी टीममध्ये काम मिळतंय का बघतो, पण हे स्टोअरवर टाकू नकोस.

आणि एक, नवव्या लेव्हलला ब्लॉक पडायच्या आधी खालची ओळ किंचित थरथरते, ते टेम्प्लेटमध्ये नाहीये, मी तपासलं, ते तू केलंयस. तिथे मी थांबलो आणि मुद्दाम परत खेळलो. फक्त तेवढं घेऊन एक लेव्हल बनव, बिनरंगाचे चौकोन असले तरी चालेल, मी खेळून सांगतो.