लावणीनंतर डोळे लालभडक झालेत, पण चिपडं येत नाहीत. गुरांपासून लागलं असेल का?

असू शकतं. खाचरातल्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळतं. त्यातले लेप्टोस्पायरा जंतू पायांच्या भेगांतून शिरतात, तसेच डोळ्यात उडालेल्या चिखलातूनही. डोळे आल्यासारखं वाटतं, पण सकाळी पापण्या चिकटत नाहीत. पांढरा भाग नुसता रक्ताळलेला दिसतो. सोबत ताप असेल, पोटऱ्या दाबल्यावर कळ येत असेल, तर मेडिकलमधले थेंब घालत बसू नका. थेंबांनी रक्तातले जंतू मरत नाहीत. आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरल्याचं आवर्जून सांगा. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, म्हणून लावणीशी संबंध लक्षातच येत नाही. बरं झाल्यावर काही महिन्यांनीही डोळा दुखला, उजेड सोसेना, धूसर दिसलं, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. तो डोळ्याच्या आतला दाह असू शकतो.