फेंडरवरची पिवळी काच बदलायचीय

प्रश्न : राम राम दादा, मी चाळीसगावचा. मागच्या दिवाळीत पुण्याहून एक जुनी जर्मन टू-सीटर घेतली, छप्पर उघडतं ती. इंजिन मस्त, कलरपण चांगलाय, पण दोन्ही फेंडरवरच्या, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावरच्या, साइड इंडिकेटरच्या पिवळ्या काचा उन्हानं पार पांढरट पडल्यात, त्यामुळे सगळी गाडीच म्हातारी दिसते. मित्र म्हणतो काळपट स्मोक काचा टाक आणि आत पांढरा एलईडी. वायरिंगवाला म्हणतो एलईडी टाकला तर रेझिस्टर (बल्बाएवढा करंट खाणारा तुकडा) लावावा लागेल, नाहीतर इंडिकेटर पळतो. काय करू भो?

उत्तर : भाऊ, काचा बदल, पण स्मोक टाकू नको, हे आधीच सांगून टाकतो. तुझी गाडी बुटकी आहे. शेजारून बाइकवाला चालला असेल तर त्याला ना तुझा पुढचा इंडिकेटर दिसतो ना मागचा, त्याच्या गुडघ्याजवळ लुकलुकतो तो फक्त हा फेंडरवरचा छोटा दिवा. माझ्या एका मित्रानं हौसेनं अशाच काळपट काचा टाकल्या होत्या, आणि जळगावला अजिंठा चौफुलीवर संध्याकाळी साडेपाचला, ऊन तिरपं असताना, त्यानं इंडिकेटर देऊन डावीकडे गाडी घातली आणि एक पोरगा बाइकसकट आरशाला घासत गेला. पोराला फक्त खरचटलं, नशीब. नंतर आम्ही इंडिकेटर चालू ठेवून बाजूला उभं राहून बघितलं तर उन्हात दिवा पेटतोय की नाही तेच कळत नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाच स्मोक काच सुचवत नाही.

साधी पारदर्शक काच घे, गाडीच्या कंपनीची मिळाली तर तीच, थोडी महाग पडली तरी. कारण खरी किंमत काचेची नाही, मागच्या रबराची असते. स्वस्त जोडीत रबर पातळ असतं, आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्रीत ते आकसतं, मग पहिल्याच पावसात आत वाफ धरते आणि दोन महिन्यांत होल्डरला हिरवा गंज.

आता बल्ब. पिवळ्या काचेत पांढरा बल्ब चालतो कारण रंग काच देते, पण काच पारदर्शक केली की बल्बच पिवळा पाहिजे, इंडिकेटरचा रंग पिवळाच असा नियम आहे. पांढरा इंडिकेटर दिला तर उन्हात तो नुसती काच चमकल्यासारखा वाटतो. दुकानात डब्ल्यू-वाय-5-डब्ल्यू माग, 5 वॉटचा, बिनटोपीचा काचेच्या बुडाचा. आधी जुना बल्ब काढून त्याच्यावरचं लिहिलेलं वाच मग घे. एलईडीच हवा असेल तर तोही पिवळाच, पांढरा घेऊन वर पिवळी काच लावायची आयडिया करू नको, पांढऱ्या एलईडीत निळा उजेड जास्त असतो, पिवळी काच तो खाऊन टाकते आणि उरतो तो मरतुकडा. बसवल्यावर पेटला नाही तर लगेच परत करायला पळू नको, उलटा फिरवून घाल, एलईडीला प्लस-मायनस असतं.

इंडिकेटर पळतो म्हणजे काय तर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, करंट कमी झाला की बल्ब गेला असं समजतो आणि दुप्पट वेगानं मारायला लागतो. नियमात मिनिटाला 60 ते 120 वेळा आहे. पण तुझ्या एका बाजूला पुढे 21 वॉट, मागे 21 वॉट आणि हा 5 वॉट, एकूण 47. एलईडीमुळे त्यातले चारेक वॉट कमी झाले तर जुन्या रिलेच्या गाडीला बऱ्याचदा फरकच पडत नाही. आधी लावून बघ. आणि वायरिंगवाल्यानं 6 ओहमचा सोनेरी रेझिस्टर काढला तर नको म्हण, तो 21 वॉटच्या बल्बसाठी असतो, चालू असताना जवळपास 30 वॉट उष्णता टाकतो आणि फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला चिकटला तर ते वितळवतो. वायर कापून पिळून टेप मारू देऊ नको, मूळ होल्डरच वापर.

काढताना स्क्रू ड्रायव्हर घालू नको, कलर जाईल. कडेला मास्किंग टेप लाव, जुनं एटीएम कार्ड कपड्यात गुंडाळ आणि क्लिपच्या बाजूला हळू दाब. हे काम जानेवारीत भल्या सकाळी नको, थंडीत वीस वर्षांची क्लिप कडकन तुटते. दुपारी गाडी तासभर उन्हात ठेव मग कर.

आणि काच नुसती पांढरट पडलीय, तडा नाही, तर आधी 1000 आणि मग 2000 नंबरचा पाण्याचा सँडपेपर मारून पॉलिश करून बघ. अर्ध्या तासाचं काम आहे, कदाचित बदलायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : शहाद्याहून लिहितोय. माझ्या स्पोर्ट्स कारला मागच्या चाकाजवळ लाल साइड लाइट लावायचेत, परदेशी गाड्यांना असतात तसे. आरटीओ पकडेल का?

उत्तर : ते अमेरिकेचं आहे दादा. तिथे 1968 पासून साइड मार्करचा नियम आहे, पुढे पिवळा, मागे लाल, आणि ते पार्किंग लाइटबरोबर सतत पेटतात, लुकलुकायचं त्यांचं काम नाही. आपल्या गाडीला कंपनीनं दिलेले नसतील तर बॉडीला भोक पाडून लावू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालत नाही. शिवाय पाडलेल्या भोकातून गंज सुरू होतो तो वेगळाच. रात्री बाजूनं गाडी दिसावी एवढंच हवं असेल तर जे दिवे आहेत त्यांच्या काचा स्वच्छ करा, बल्ब नवे टाका, आणि होल्डरचे पत्रे बारीक सँडपेपरनं घासून घ्या, मंद पडलेले दिवे पुष्कळदा एवढ्यानंच उजळतात.