आधी रेडिओ लाव

बाळा, 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतला 'व्हाइस सिटी' हा व्हिडिओ गेम घेतलास ना, मग लगेच मिशनच्या मागं लागू नको. गेममधली गाडी काढ, तिचा रेडिओ लाव आणि समुद्राकाठानं नुसता फिर. गेम २००२ चा, पण गोष्ट १९८६ ची. म्हणून गाणीही बहुतेक त्या काळापर्यंतचीच, खऱ्या कलाकारांची, परवाना घेऊन वापरलेली. मधेच निवेदक बोलतो, जाहिरात लागते. खानापूर-बेळगाव टेम्पोत ऐकलेलं गाणं जसं त्या वळणाला कायमचं चिकटतं, तसंच इथंही होतं.

फक्त परवान्याला मुदत असते. याच मालिकेतल्या चौथ्या गेममधली कितीतरी गाणी, खास करून रशियन स्टेशनवरची, २०१८ च्या अपडेटमध्ये गेली. मला अजून हळहळ वाटते. जुनी डिस्क मिळाली तर सोडू नको. आणि खेळाचा व्हिडिओ टाकणार असशील तर रेडिओ बंद ठेव, कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.